तारेच्या फोनची स्मरणशक्ती

तारेच्या साध्या टेलिफोनवर अंकांची दहा बटणं असतात. त्यांच्या सोबतीला स्टार आणि हॅश, आणि कडेला आणखी सहा-सात बटणं: रिडायल, फ्लॅश, पॉज, म्यूट, स्टोअर, एम-१, एम-२. बहुतेक घरांत वापरात असतात ती फक्त दहा. रिडायलला कधीमधी हात लागतो. बाकीची बटणं फोन आणला त्या दिवशी होती तशीच कोरी राहतात, आणि एम-१ शेजारची नाव लिहायची पट्टीही रिकामीच राहते.

याचा दोष वापरणाऱ्यांचा नाही. फोनसोबत आलेल्या पुस्तिकेत कोणतं बटण कशानंतर दाबायचं एवढंच लिहिलेलं असतं, ते बटण तिथं का आलं हे लिहिलेलं नसतं. कारण माहीत नसलेला क्रम लक्षात राहत नाही. खरं तर यातलं प्रत्येक बटण एखाद्या ठोस अडचणीतून आलं आहे. काही अडचणी एक्स्चेंजच्या होत्या, काही तारेच्या, काही माणसाच्या बोटांच्या. ती अडचण समजली की बटण निराळं शिकावं लागत नाही. म्हणून आपण तारेपासूनच सुरुवात करू.

दोन तारा आणि एक हुक

एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा येतात. एक्स्चेंज या तारांवर सतत ४८ व्होल्टचा दाब ठेवतं. रिसीव्हर हुकवर असतो तेव्हा मंडल तुटलेलं असतं, प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलला की हुक वर येतो, मंडल पूर्ण होतं आणि काही मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. एक्स्चेंजला एवढी खूण पुरते. ते डायल टोन देतं, म्हणजे ‘मी ऐकतोय, नंबर सांगा’ असं कळवतं. फोन येतो तेव्हा याच तारांवर साधारण ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ आवर्तनं करणारा उलटसुलट प्रवाह सोडला जातो आणि घंटी वाजते. लाइनमन उघड्या तारांना जपून हात लावतो तो यासाठी: नेमकी त्याच वेळी घंटी आली तर चांगलाच झटका बसतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही पुढे कामाला येणार आहेत. पहिली, साध्या फोनला घरची वीज लागत नाही. त्याचं सगळं पोषण एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून होतं. दुसरी, हुक म्हणजे निव्वळ रिसीव्हर ठेवायची जागा नाही. तो एक स्विच आहे आणि एक्स्चेंजशी बोलायचं सर्वांत जुनं साधनही तोच आहे.

शून्य म्हणजे दहा

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करत. त्यांच्याकडे येणारे फोन ऑपरेटर बाई त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात असा त्यांना संशय होता, अशी कथा सांगितली जाते. ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या स्विचचं पेटंट त्यांना १८९१ मध्ये मिळालं, एवढं मात्र नोंदलेलं आहे. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी त्यांच्या तंत्रावरचं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये, पण ते माणसांच्या हातांनी चालायचं. नंबर तोंडाने सांगायचा आणि ऑपरेटरने दोऱ्या जोडायच्या.

स्वयंचलित एक्स्चेंजला नंबर कळवायचा तर प्रवाह मोजून तोडावा लागतो. गोल चकतीचा फोन हेच करायचा. छिद्रात बोट घालून चकती ओढली की स्प्रिंग ताणली जायची, आणि बोट सोडल्यावर चकती एका ठरावीक वेगाने मागे फिरायची. मागे फिरताना ती मंडल तोडायची आणि जोडायची: १ साठी एकदा, ५ साठी पाच वेळा, ० साठी दहा वेळा. वेग सेकंदाला दहा पल्सचा. दोन अंकांच्या मध्ये पाऊण-एक सेकंदाची उसंत, म्हणजे एक अंक संपला हे एक्स्चेंजला कळावं. शून्याला दहा पल्स असल्यामुळे चकतीवर ० हा ९ च्या पुढे आला, आणि आजच्या बटणांवरही तो १ च्या आधी न बसता सगळ्यांच्या खाली, ८ च्या तळाशी आहे.

या हिशोबाने पुण्याचा ०२० हा कोड लावायला २२ पल्स लागतात, म्हणजे उसंत सोडून सव्वादोन सेकंद. मुंबईच्या ०२२ ला चौदा, नागपूरच्या ०७१२ ला वीस, गोव्याच्या ०८३२ ला तेवीस. अमेरिकेत १९४७ मध्ये विभागांचे कोड वाटले गेले तेव्हा न्यूयॉर्कला २१२, लॉस एंजेलिसला २१३ आणि शिकागोला ३१२ असे कमी पल्सचे कोड मिळाले, कारण तिथं सर्वांत जास्त फोन लागणार होते. कोट्यवधी वेळा वाचलेला अर्धा-पाऊण सेकंद एक्स्चेंजच्या यंत्रांवरचा भार खरोखर कमी करत होता.

चकती हुकाचंच काम करते हे ज्यांना कळलं, त्यांना चकतीची गरज उरली नाही. एसटीडी महाग होती त्या काळात अनेक घरांत आणि दुकानांत चकतीच्या छिद्रात छोटं कुलूप लावलेलं असायचं. पण हुक बोटाने एका लयीत टपटप दाबला तरी तेच पल्स जातात. तीनदा दाबलं की ३, थोडं थांबून सात वेळा दाबलं की ७. घराघरांतल्या शाळकरी मुलांनी हे आपापलं शोधून काढलं होतं. कुलूप जागेवर आणि फोन मात्र लागलेला!

बोटं पुढे, पल्स मागे

आता रिडायलकडे येऊ. आपण त्याला एक सोय समजतो. त्याचा जन्म मात्र सोयीतून झालेला नाही, आणि हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत सुंदर तांत्रिक वळण वाटतं.

चकतीच्या जागी बटणं आली तेव्हा बहुतेक एक्स्चेंज जुनीच होती. त्यांना पल्सच कळायचे. भारतात १९८० च्या दशकात बटणांचे फोन दिसू लागले तेही बरेचसे आतून पल्सचेच होते. बटण दाबलं की रिसीव्हरमध्ये टक-टक-टक ऐकू यायचं. इथं पेच होता. माणूस सात अंक तीन सेकंदांत दाबून मोकळा होतो. तेच सात अंक पल्सच्या रूपात पाठवायला मात्र आठ-नऊ सेकंद लागतात. बोटं पुढे जातात आणि तार मागे राहते. मग मधले अंक कुठे थांबणार? पिठाच्या गिरणीत दळण वरच्या पेटीत एकदम ओततात आणि ते जात्यात हळूहळू उतरतं, तशी एक पेटी फोनच्या चिपमध्ये असणं भाग होतं. ती पेटी म्हणजेच फोनची पहिली स्मृती.

अंक पाठवून झाल्यावरही चिप ते लगेच पुसत नाही. पुढचा नंबर दाबायला सुरुवात होईपर्यंत ते तिथंच असतात. मग तेच पुन्हा पाठवायला लावणारं एक बटण जोडलं की काम झालं. रिडायल म्हणजे न पुसलेल्या पेटीचा दुसरा उपयोग आहे. म्हणूनच ते फक्त शेवटचा नंबर जाणतं, त्याच्या आधीचा नाही. आणि म्हणूनच रिसीव्हर उचलून डायल टोन आल्यानंतरच ते दाबायचं असतं: तारेवरचा प्रवाह सुरू झाल्यावरच चिपला काही पाठवता येतं.

पेटीची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. बऱ्याच फोनमध्ये ती बत्तीस अंकांची असते. एका कॉलमध्ये त्याहून जास्त अंक दाबले गेले, तर पुष्कळ फोन रिडायल करतच नाहीत, कारण त्यांच्याजवळ पूर्ण नंबर नसतो.

या मर्यादेआड एक सावधगिरीची गोष्ट दडलेली आहे. साध्या फोनला ‘नंबर’ कुठे संपला हे समजत नाही. बँकेला फोन लावून, फोन जोडल्यावर तुम्ही खातेक्रमांक आणि गुप्त पिन दाबला, तर तेही अंक त्याच पेटीत जातात. स्क्रीन असलेल्या फोनवर नंतर कुणी रिडायल दाबलं तर ते अंक एकामागोमाग दिसू शकतात. उपाय सोपा आहे. असा कॉल संपल्यावर रिसीव्हर पुन्हा उचलायचा, एखादा अंक दाबायचा आणि ठेवून द्यायचा. पेटीत आता तेवढा एकच अंक राहतो. ही सवय घरातल्या सगळ्यांना लावावी असं मी आग्रहाने सांगेन.

दोन सुरांचा एक अंक

पल्सचा कमीपणा त्याच्या संथपणात तितकासा नाही. खरी अडचण अशी की तो पहिल्या एक्स्चेंजच्या पुढे जात नाही. पल्स म्हणजे तारेतल्या प्रवाहाचं तुटणं, आणि ते तुटणं फक्त तुमच्या तारेपुरतं असतं. फोन जोडला गेल्यावर पलीकडे पोचतो तो आवाज. तेव्हा पलीकडच्या यंत्राला अंक कळवायचा तर अंकाचाच आवाज करायला हवा.

अमेरिकेतल्या बेल कंपनीने १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत अशी सेवा सुरू केली. यात प्रत्येक बटण दोन सूर एकाच वेळी काढतं. आडव्या ओळींना चार सूर दिलेले आहेत: ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. उभ्या रांगांना १२०९, १३३६ आणि १४७७. म्हणजे ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हे दोन सूर एकत्र वाजतात. ० ला ९४१ आणि १३३६. चौथी उभी रांगही आहे, १६३३ हर्ट्झची, पण ती घरच्या फोनवर नसते. अमेरिकी लष्कराच्या टेलिफोन जाळ्यात ती वापरली गेली. हे आकडे असे निवडले आहेत की एकही सूर दुसऱ्याच्या पटीत येत नाही. त्यामुळे बोलण्यातून, गाण्यातून किंवा शिट्टीतून चुकून एखादा अंक तयार होणं फार अवघड. सुरुवातीला बटणं दहाच होती. स्टार आणि हॅश १९६८ मध्ये आले.

बटणं कशी मांडायची यावरही बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन यांच्या विभागाने लोकांना वेगवेगळ्या मांडण्या देऊन, त्यांचा वेग आणि चुका मोजून अभ्यास केला होता. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७-८-९ असतात आणि फोनवर १-२-३, तो फरक तिथला. मधल्या ५ वरचा बारीक उंचवटाही उगीच नाही. बोट त्यावर टेकलं की बाकीचे नऊ अंक न बघता सापडतात. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसाला हा ठिपका दाखवून द्यायला हवा. तो आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

आणखी एक बारीकशी गोष्ट, मला आवडते म्हणून सांगतो. हे सूर अचूक निघावेत म्हणून फोनमध्ये एक स्फटिक असतो, आणि तो सहसा ३.५८ मेगाहर्ट्झचा असतो. टेलिफोनशी या आकड्याचा मुळात काहीच संबंध नाही. तो अमेरिकी रंगीत टीव्हीचा आकडा आहे. टीव्हीसाठी हे स्फटिक लाखांनी बनायचे, स्वस्त मिळायचे, म्हणून फोनच्या चिप त्यांच्याभोवती रचल्या गेल्या.

वापराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती फोनच्या कडेला किंवा तळाला असलेली टी आणि पी अशी खुटी. ती टोनवर हवी. ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या यंत्राला एक दाबूनही काही कळत नसेल, तर फोन बिघडला म्हणण्याआधी ही खुटी बघा. झाडलोट करताना ती सरकलेली असू शकते. बटण दाबल्यावर सूर न ऐकू येता टकटक ऐकू आली की समजायचं, खुटी पल्सवर आहे. पुष्कळ फोनमध्ये पल्सवर असतानाही कॉल जोडल्यावर स्टार दाबलं की तेवढ्या कॉलपुरता फोन टोनवर जातो.

थांबणं आणि तोडणं

पॉज आणि फ्लॅश ही बटणं घराइतकीच, कदाचित जास्तच, ऑफिसच्या कामाची आहेत. दोन्ही वेळेशी खेळतात.

ऑफिसात, हॉटेलात किंवा मोठ्या इस्पितळात बाहेरची लाइन घ्यायला आधी ० किंवा ९ दाबावा लागतो. मग क्षणभराने दुसरा डायल टोन येतो आणि त्यानंतर खरा नंबर. माणूस तो टोन ऐकून थांबतो. स्मृतीतून नंबर धडाधड पाठवणारा फोन थांबत नाही, आणि त्याचे पहिले दोन-तीन अंक हवेत जातात. म्हणून नंबर साठवताना ० च्या नंतर पॉज दाबायचं. फोन त्या जागी काही सेकंद गप्प राहतो. एकदा पुरत नसेल तर दोनदा दाबा. स्मृतीच्या हिशोबात पॉज एका अंकाची जागा घेतो.

फ्लॅशचं नातं हुकाशी आहे. बोलता बोलता हुक क्षणभर दाबून सोडला तर एक्स्चेंज त्याचा अर्थ ‘ग्राहकाला काहीतरी सांगायचं आहे’ असा घेतं. इंटरकॉमवर असं करून कॉल दुसऱ्या टेबलावर पाठवता येतो. कॉल वेटिंगची सेवा असेल तर मध्ये आलेला दुसरा फोन घेता येतो. मात्र ‘क्षणभर’ म्हणजे किती हे बोटाला नेमकं जमत नाही. जरा जास्त दाबलं की फोन कटतो. फ्लॅश बटण तोच खंड मोजून देतं. अनेक फोनवर तो १००, ३०० किंवा ६०० मिलिसेकंद असा निवडता येतो. फ्लॅश दाबल्यावर फोन तुटत असेल तर लहान आकडा निवडा, आणि काहीच होत नसेल तर मोठा. म्यूटबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ते तुमचा माइक बंद करतं, पलीकडचं तुम्हाला ऐकू येत राहतं.

एम-१ मध्ये कोण?

नंबर साठवून ठेवणारे फोन चिपच्याही आधीचे आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल कंपनीने एक फोन काढला होता, त्यासोबत प्लास्टिकची कार्डं यायची. एका कार्डावर एक नंबर, त्यातल्या अंकांप्रमाणे भोकं पाडून ठेवायचा. कार्ड खाचेत घालून कळ दाबली की ते सरकत सरकत नंबर लावायचं. वीज गेली, तार निघाली, फोन हलवला, तरी त्या कार्डाची आठवण जात नव्हती. नंतरच्या पुष्कळशा चिपना तेवढा टिकाऊपणा आला नाही. तो मुद्दा पुढे येईलच.

आजच्या तारेच्या फोनमध्ये स्मृती दोन प्रकारची असते. एम-१, एम-२, एम-३ अशी स्वतंत्र बटणं असली, तर एकाच दाबात फोन लागतो. दुसऱ्या प्रकारात आधी ‘मेमरी’ किंवा ‘ऑटो’ आणि मग ० ते ९ पैकी एक अंक. यात दहा नंबर मावतात. साठवायची रीत कंपनीगणिक थोडी बदलते, पण सांगाडा एकच: रिसीव्हर उचला, स्टोअर किंवा प्रोग्राम दाबा, नंबर दाबा, आणि शेवटी ज्या जागी ठेवायचा ते बटण दाबा. काही फोनमध्ये नंबरानंतर स्टोअर पुन्हा एकदा दाबावं लागतं. हे चालू असताना डायल टोन बंद होऊन एंगेज टोन सुरू होतो आणि पुष्कळ जण घाबरून रिसीव्हर ठेवून देतात. ठेवू नका. नंबर दाबायला किती वेळ झाला हे बघणारं एक्स्चेंज तुमची वाट पाहून कंटाळलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. नंबर साठतोय तो तुमच्या फोनमध्ये. एक्स्चेंजला त्याच्याशी देणंघेणं नाही.

एका जागी सर्वसाधारणपणे सोळा ते बत्तीस अंक मावतात. परदेशातल्या मुलाचा नंबर ००, देशाचा कोड आणि पुढचे अंक धरून तेरा-चौदा अंकांत बसतो, म्हणजे अडचण नाही. फक्त लाइनवर आयएसडी सुरू असायला हवी. बँकेचा नंबर, पॉज आणि ग्राहक क्रमांक असंही एका बटणात ठेवता येतं. पिन मात्र कधीही साठवू नये.

आता पहिल्या बटणात कोणाचा नंबर घालायचा? वयस्कर आई-वडील एकटे राहत असलेल्या घरांत मी पाहतो, एम-१ वर हमखास न्यू जर्सीतला किंवा बंगळूरमधला मुलगा असतो. मला हे चुकीचं वाटतं. प्रेमाने ठेवलेला नंबर आहे हे खरं, पण रात्री दोनला छातीत दुखू लागलं तर ज्याचे पाय दहा मिनिटांत दारात पोचतील त्याचा नंबर पहिल्या बटणात हवा. शेजारच्या काकूंचा, सोसायटीच्या चौकीदाराचा, किंवा त्याच गावातल्या भाच्याचा. मुलगा एम-२ वर. एम-३ वर डॉक्टर. तातडीचा ११२ हा नंबर तीनच अंकांचा असल्यामुळे तो बोटांना पाठ करून द्यावा, बटण त्यात घालवू नये.

बटणाशेजारच्या पट्टीवर ठळक अक्षरात नाव लिहा, आणि आजोबांच्या भाषेत लिहा. ‘डॉ. अमुक तमुक, एमडी’ लिहिण्यापेक्षा ‘डॉक्टर’ पुरे. डोळे फारच अधू असतील तर बटणावर बांगडीच्या टिकलीसारखं काही खडबडीत चिकटवा. आणि साठवलेला प्रत्येक नंबर त्याच दिवशी एकदा लावून बघा, तोही ज्यांना तो वापरायचा आहे त्यांच्या हातून. एक अंक चुकीचा साठला असेल तर तो कळायची हीच वेळ आहे.

आठवण कशावर जगते

पुष्कळशा फोनमध्ये चिपमधली स्मृती विजेवर जगते. वीज तिला लागते अगदी नाममात्र, पण ती सतत लागते. काही फोन ही वीज दोन तारांवरच्या ४८ व्होल्टमधून, फार मोठ्या रोधामार्फत थेंबाथेंबाने घेतात. काहींत तळाला सेल घालायची खाच असते. स्क्रीन आणि आलेल्या नंबरांची यादी असलेल्या फोनना बहुधा सेल लागतातच.

आता पुष्कळशा तक्रारींचा उलगडा होतो. रंगकामासाठी फोनची तार काढून ठेवली आणि परत लावल्यावर एम-१ मुका झाला, तर फोन बिघडलेला नसतो. त्याचा अन्नपुरवठा तुटला होता. सेलवर चालणाऱ्या फोनमध्ये स्क्रीन फिकट होऊ लागली की लगेच सेल बदलावेत. बदलताना नवे हाताशी ठेवूनच जुने काढावेत, कारण आतली शिल्लक थोडाच वेळ पुरते. वर्षानुवर्षं न पाहिलेले सेल गळतात आणि खाचेतल्या पट्ट्या खाऊन टाकतात, म्हणून वर्षातून एकदा तरी झाकण उघडून बघायला हवं. सगळे साठवलेले नंबर कागदावर लिहून तो कागद फोनच्या खाली ठेवावा, हे तर सांगायलाच नको.

स्मृती शाबूत राहूनही निरुपयोगी होऊ शकते, कारण बाहेरचे नंबर बदलतात. मुंबई-पुण्यात स्थानिक नंबर आठ अंकी झाले तेव्हा घराघरांतल्या डायऱ्या आणि फोनमधल्या जागा नव्याने भराव्या लागल्या. अलीकडचा बदल १५ जानेवारी २०२१ चा. त्या दिवसापासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. त्याआधी साठवलेले दहा अंकी मोबाइल नंबर त्या एका दिवसात जुने झाले. एखाद्या घरात एम-२ दाबलं की अजूनही फोन लागण्याऐवजी रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू येत असेल, तर तिथं हाच शून्य राहून गेला आहे. ऑफिसच्या फोनवर तर क्रम असा पडतो: बाहेरच्या लाइनचा ०, पॉज, मोबाइलसाठीचा ०, आणि मग दहा अंक.

एक्स्चेंजच्या पोटातली स्मृती

नंबर फोनमध्येच ठेवावा असं काही नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सक्कासन्ना इथं १९६५ मध्ये इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. अशा एक्स्चेंजला स्वतःची स्मृती असल्यामुळे नंबर तिथंच साठवून एक-दोन अंकांत लावता येऊ लागला. भारतात १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली, तिने खेडोपाडी चालतील अशी डिजिटल एक्स्चेंज बनवली, आणि पुढे या सोयी आपल्याकडेही मिळू लागल्या. त्यांपैकी एक मला सर्वांत मोलाची वाटते, ती हॉटलाइन. यात रिसीव्हर उचलून काही सेकंद काहीच दाबलं नाही, तर एक्स्चेंज ठरवून दिलेला नंबर आपणहून लावतं. हात थरथरत असतील, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, अंक आठवत नसतील, तरी रिसीव्हर उचलता आला की पुरे. एरवी नेहमीसारखे अंक दाबून फोन लावता येतोच. ही सोय तुमच्या लाइनवर मिळते का, हे कंपनीकडे अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्या.

शेवटी, तांब्याच्या तारा झपाट्याने जात आहेत आणि त्यांच्या जागी फायबर येत आहे. फोन तोच असतो, पण त्याची दोरी आता भिंतीतल्या खोक्यात जाण्याऐवजी इंटरनेटच्या मॉडेममध्ये जाते. एक्स्चेंज देत असे तो दाब आता हा मॉडेम देतो, आणि मॉडेम घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की फोन बंद. जुन्या लँडलाइनच्या भरवशावर राहणाऱ्या घरांना हा फरक बऱ्याचदा पहिल्या वादळी रात्री कळतो. रोज रात्री मॉडेम बंद करायची सवय असेल, तर सेल नसलेल्या फोनमधली स्मृतीही हळूहळू पुसली जाऊ शकते. पल्सचे फोन अशा जोडणीवर कित्येकदा चालत नाहीत. खुटी टोनवरच हवी. मॉडेमला इन्व्हर्टरची किंवा छोट्या बॅटरीची जोड द्या. मग एखाद्या दुपारी मुद्दाम मेन स्विच बंद करून रिसीव्हर उचला आणि डायल टोन येतो का ते ऐका. तो आला, तर एम-१ दाबून शेजारच्या काकूंना फोन लागतो का तेही तेव्हाच पाहून घ्या.